देव गप्प असताना उपदेश

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. आर. एस. थॉमस यांची कविता कोल्हापुरात कुठेही वाचली, की कुणीतरी हटकून विचारतं : देव गप्प आहे असं जन्मभर लिहिणारा हा माणूस चर्चमध्ये उपदेश कोणत्या तोंडाने करत होता? प्रश्न आपल्याकडच्या रोखठोक रीतीचा आहे आणि रास्तही आहे, कारण 1913 मध्ये कार्डिफला जन्मलेले हे वेल्श कवी 1978 मध्ये निवृत्त होईपर्यंत खेड्यापाड्यांत अँग्लिकन, म्हणजे प्रॉटेस्टंट परंपरेतल्या चर्चचे, पाळक (धर्मगुरू) होते.

‘इन चर्च’ या त्यांच्या कवितेत उपासना संपून माणसं निघून गेली आहेत, वटवाघळं पुन्हा आपल्या उद्योगाला लागली आहेत, आणि अंधारात एका माणसाच्या श्वासाखेरीज आवाज नाही. तो आपले प्रश्न एकेक करून रिकाम्या क्रुसावर खिळ्यांनी ठोकतो आहे. हा नास्तिकपणाचा पुरावा म्हणून दाखवला जातो, ते मला घाईचं वाटतं. प्रॉटेस्टंट चर्चमधला क्रूस सहसा रिकामाच असतो आणि ख्रिस्त उठला, याची ती खूण मानली जाते. म्हणजे ज्या रिकामेपणाने हा माणूस छळला जातो, त्याच रिकामेपणावर त्याची श्रद्धाही उभी आहे.

इथे कुणीतरी तुकोबांचं नाव काढतंच. तुकोबाही देवाशी भांडले, पण विटेवर उभ्या असलेल्या देवाशी. अंबाबाईच्या किरणोत्सवात ढग आडवे आले तरी गाभाऱ्यात मूर्ती आहे, हे ताटकळणाऱ्या गर्दीला ठाऊक असतं. थॉमस यांना समोर रूप नाही, त्यामुळे भांडणाची सोयही नाही.

उपदेशाच्या प्रश्नाचं उत्तर ‘नीलिंग’ या कवितेत आहे. लाकडी वेदीपुढे गुडघे टेकलेला पाळक देवाला म्हणतो, मला शब्द दे, पण इतक्यात नको. माझ्या तोंडून तूच बोललास तरी काहीतरी हरवतंच, अर्थ वाट पाहण्यातच आहे. व्यासपीठावर चढण्याआधीचा हा संकोच अविश्वासाचा नव्हे. बोलणं हे ज्याचं कामच आहे, त्याला शब्दांचं उणेपण रोज दिसतं.

त्यांच्या शेतकऱ्यांवरच्या कविता मात्र नंतर वाचाव्यात. इयागो प्रिथर्ख या कल्पित डोंगरी शेतकऱ्याकडे ते कधी तिटकाऱ्याने, कधी आदराने पाहतात, आणि त्यांच्यातला पाळक तिथे बराच कठोर वाटतो.