डलॉनेगा: आधी कोर्ट बघा, मग सोनं चाळा

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेच्या अल्फरेटा-कमिंग भागातल्या मराठी मंडळींसाठी डलॉनेगा हे गाव म्हणजे द्राक्षमळे आणि ऑक्टोबरातली रंगीत पानं. यावेळी आम्ही दोन्ही सोडून मुद्दाम गावच बघायला गेलो.

जॉर्जिया ४०० हा हायवे सरळ उत्तरेला धरायचा आणि तो संपला की हायवे ६० ने डावीकडे वळायचं. ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी वसलेलं हे लंपकिन काउंटीचं मुख्य ठिकाण. तालुक्याच्या गावाला असावा तसा मधोमध चौक, आणि चौकात जुनं कोर्ट. १८३६ ची ही इमारत. विटा इथल्याच मातीच्या, त्यामुळे त्यांतही सोन्याचे बारीक कण आहेत म्हणतात. १९६५ पर्यंत इथे खटले चालले. आता सोन्याचं संग्रहालय आहे. बहुतेक लोक आधी खाणीकडे पळतात. माझं ऐकाल तर सुरुवात इथूनच करा, नाहीतर पुढे जे बघाल त्याचा अर्थच लागत नाही.

इथल्या टेकड्यांत सोन्याच्या शिरा असलेला गारगोटीचा दगड आहे. तो झिजत गेला आणि जड सोनं ओढ्यांच्या तळाशी साचत राहिलं. १८२८-२९ च्या सुमारास हे कळलं आणि माणसांचा लोंढा सुटला. जमीन होती चेरोकी या मूळ रहिवासी लोकांची. जॉर्जिया राज्याने १८३२ मध्ये चक्क लॉटरी काढून ती गोऱ्यांना वाटली, चाळीस-चाळीस एकरांचे तुकडे करून. काउंटीचं ठाणं आधी जवळच्या ऑरेरियात होतं. तिथल्या जागेच्या मालकीचा घोळ झाला म्हणून डलॉनेगाला आलं. ऑरेरियात आता बघण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

संग्रहालयात इथल्या टांकसाळीची नाणी मांडली आहेत. सगळी सोन्याची आणि प्रत्येकावर डलॉनेगाचा बारीकसा ‘डी’. डॉलरचं नाणं इतकं चिमुकलं की काचेला नाक लावल्याशिवाय अक्षर दिसत नाही. ही नाणी पाडायला सुरुवात झाली १८३८ मध्ये. त्याच वर्षी सैनिकांनी चेरोकींना घरांतून बाहेर काढलं आणि पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमाकडे, हाकललं. वाटेत हजारो मेले. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात तोवर वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या. टांकसाळ १८६१ मध्ये यादवी युद्धामुळे बंद पडली, इमारत पुढे कॉलेजला मिळाली आणि १८७८ मध्ये जळाली. तिच्याच पायावर उभा असलेला प्राइस मेमोरियल हॉल चौकातून चालत पाच-दहा मिनिटांवर आहे. त्याच्या मनोऱ्याला सोन्याचा वर्ख दिलाय. अटलांटाच्या राज्य विधानभवनाचा घुमटही इथल्याच सोन्याने मढवलेला.

आता सोनं चाळणं. क्रिसन खाणीत पोरं रमतात. पॅन, म्हणजे वाळू भरलेली पसरट थाळी, पाण्यात बुडवून आधी जोरात हलवायचा, म्हणजे सोनं तळाला बसतं. मग तिरका धरून वरची वाळू थोडी थोडी वाहू द्यायची. शेवटी काळी रेती उरते आणि तिच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढा पिवळा ठिपका. तो बाटलीत भरून देतात. श्रीमंत व्हायची आशा नको. भूमिगत बोगदा बघायचा तर कन्सॉलिडेटेड खाण; आत उन्हाळ्यातही गार असतं, जॅकेट ठेवा आणि चपला नकोत.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी गोल्ड रश डेज ही जत्रा असते. गर्दी आवडत असेल तरच त्या दिवशी जा. एरवीही शनिवारी सकाळी लवकर पोचलात तर पार्किंगचा ताप होत नाही. शाकाहाऱ्यांनी मागवण्याआधी विचारून घ्यावं, कारण साध्या शेंगभाजीतही डुकराचं मांस घालायची इकडे पद्धत आहे. रस्त्याकडेला उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मात्र बेधडक घ्या, आपल्याच चवीच्या.

हाताशी अर्धा दिवस असेल तर पश्चिमेला अमिकलोला धबधबा जोडून घ्या, उंची ७२९ फूट. तळापासून माथ्यापर्यंत ६०४ पायऱ्या आहेत. भारतातून आलेले आई-बाबा सोबत असतील तर पायऱ्यांच्या भानगडीत न पडता वेस्ट रिज वाटेने न्या. तिथे पायऱ्या नाहीत, व्हीलचेअरही जाते, आणि धबधबा अगदी समोर दिसतो.