क्लासमध्ये डिफॉल्ट, डिक्शनरीत मात्र नाही

सूचना पाठवणाऱ्या आमच्या पायथनमधील सर्व्हिसच्या लॉगमध्ये त्या दिवशी सकाळपासून एकच की-एरर (डिक्शनरीत, म्हणजे की आणि किंमत यांच्या जोड्यांमध्ये, नसलेली की मागितल्यावर येणारी चूक) सारखी येत होती : सेटिंग्जमध्ये 'रिट्राय' ही की नाही. चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की त्या सेटिंग्जसाठी लिहिलेल्या टाइप्डडिक्टच्या (डिक्शनरीत कोणत्या की आणि कोणत्या टाइपच्या किंमती असाव्यात ते सांगणाऱ्या) क्लासमध्ये 'रिट्राय'पुढे पूर्णांक हा टाइप आणि त्यापुढे '= ३' असे स्पष्ट लिहिलेले होते.

कन्सोलवर तो क्लास काहीही न देता कॉल केला, तेव्हा रिकामी डिक्शनरी हाती आली. क्लासच्या नावापुढे टिंब देऊन 'रिट्राय' मागितले, तर ३ मिळाले. म्हणजे किंमत क्लासलाच चिकटून राहिली होती. पायथन ३.८ मध्ये आलेला टाइप्डडिक्ट हे मुळात टाइप-चेकरसाठी, म्हणजे कोड न चालवता टाइप तपासणाऱ्या साधनासाठी, केलेले वर्णन आहे. प्रोग्रॅम चालताना उरते ती साधी डिक्शनरी. मायपाय या टाइप-चेकरने '= ३' असलेली ती ओळ नाकारलीच असती, पण तो कोड असलेले फोल्डर तपासणीतून वगळलेले होते, आणि पायथन स्वतः अशा ओळीवर चकार शब्द काढत नाही.

लागेल तिथे 'गेट' (की नसेल तर आपण दिलेली पर्यायी किंमत परत देणारी डिक्शनरीची मेथड) वापरून ३ लिहावे, असे एका सहकाऱ्याने सुचवले. शोधल्यावर 'गेट' दोन ठिकाणी आधीच सापडला, एकीकडे ३ आणि दुसरीकडे ५ घेऊन. शिवाय की असूनही तिची किंमत नन (पायथनमधील 'काहीच नाही') असेल, तर 'गेट' ननच परत देतो. त्यामुळे मी ती सूचना मानली नाही. आम्ही दोन टाइप केले : बाहेरून येणाऱ्या सेटिंग्जसाठी पायथन ३.११ पासून मिळणारा, की ऐच्छिक ठरवणारा नॉटरिक्वायर्ड वापरून एक, आणि आतील कामासाठी सर्व की अनिवार्य असलेला दुसरा. नन गाळून डिफॉल्ट भरणारे एकच फंक्शन त्यांच्यामध्ये ठेवले.

त्या फंक्शनच्या पहिल्या मसुद्यात डिफॉल्ट डिक्शनरी मोड्यूलच्या पातळीवर होती आणि आलेल्या सेटिंग्ज तिच्याशी '|' चिन्हाने जोडल्या जात होत्या. जोडणी वरवरची असल्याने, म्हणजे आतल्या लिस्टची नवी नक्कल होत नसल्याने, 'प्रत' ही पत्त्यांची लिस्ट सर्वांमध्ये एकच राहिली : चाचणीत एका ग्राहकासाठी अपेंड केलेला पत्ता पुढच्या, काहीही न भरलेल्या ग्राहकाच्या यादीत हजर! डेटाक्लासमध्ये (फील्ड आणि त्यांचे डिफॉल्ट लिहून बनवलेल्या पायथनच्या क्लासमध्ये) लिस्ट थेट डिफॉल्ट दिली, तर क्लास तयार होतानाच व्हॅल्यू-एरर येते. इथे तसे कुंपण नाही. डिफॉल्ट डिक्शनरी फंक्शनच्या आत, प्रत्येक कॉलला नव्याने तयार करण्यास सुरुवात केल्यावर ती चाचणी पास झाली. मग मायपायच्या तपासणीत ते फोल्डर पुन्हा घेतले, तेव्हा डिफॉल्ट दिल्याचा आभास निर्माण करणाऱ्या तशाच आणखी काही ओळी त्याने दाखवल्या.