बडोद्याला भावकॉपी शिकायला गेलो होतो, पुढे जाणाऱ्यांसाठी थोडं

ग्रुपमधले दोघंतिघं पुढच्या महिन्यात बडोद्याला काकांकडे जाणारेत म्हणून लिहून टाकतोय, प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा हे बरं. काका म्हणजे दांडिया बाजारात राहणारे रिटायर्ड बँकवाले, शेअर घेणं-विकणं सगळं आकड्यांवर, टीव्ही आहे घरात पण बिझनेस चॅनल लावलेलं मी तरी बघितलं नाही.

जायचं ते शुक्रवारीच. शनिवारी पोचलात तर मुख्य भाग हुकतो, कारण त्यांचं काम सुरू होतं मार्केट बंद झाल्यावर, संध्याकाळी एनएसईची (नॅशनल स्टॉक एक्स्चेंज) भावकॉपी, म्हणजे त्या दिवशीच्या भावांची फाइल, आली की. मुंबईकरांनी सकाळची वंदे भारत घ्यावी, बोरिवलीला थांबते, चारेक तासांत बडोदा. दुपार मोकळी मिळते तर सुरसागरला एक चक्कर मारा, न्यायमंदिर बाहेरून बघा, शेव उसळ खा पण तर्री आधी थोडीच घ्या, संध्याकाळी डोकं चालायला हवं. रिक्षावाल्याशी मराठीत बोललात तरी जुन्या भागात बऱ्याचदा चालून जातं.

संध्याकाळी काका फाइल उतरवतात, त्या दिवशी ट्रेड झालेल्या प्रत्येक शेअरचा ओपन, हाय, लो, क्लोज, व्हॉल्यूम, फुकट मिळते. आपल्याला वाटतं झालं, दहा वर्षांच्या फाइली जोडल्या की आपली खरेदी-विक्रीची पद्धत तपासायला डेटा तयार. तसं नाहीये. ८ जुलै २०२४ पासून जुना फॉरमॅट बंद होऊन यूडिफ नावाचा नवा आला, कॉलमची नावंच वेगळी, त्यामुळे यूट्यूबवरचा जुना पायथन कोड तिथे आपटतो. घरून निघतानाच दोन्ही फॉरमॅट वाचणारं काहीतरी लॅपटॉपवर चालवून बघा, तिथे पांडाज (पायथनची डेटा वाचणारी लायब्ररी) इन्स्टॉल करत बसलात तर काका चहा घेऊन गॅलरीत जाऊन बसतात.

दुसरं म्हणजे भावकॉपीतले भाव बोनस, स्प्लिट धरून ॲडजस्ट केलेले नसतात. रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस (एका शेअरमागे एक फुकट) दिला तेव्हा भाव साधारण २६५० वरून १३३० च्या घरात आला, तुमच्या प्रोग्रामला तो सरळ पन्नास टक्क्यांचा क्रॅश दिसणार आणि तो इमानेइतबारे स्टॉपलॉस मारून, म्हणजे तोटा थांबवायला शेअर विकून, मोकळा होणार. स्प्लिट झाला, म्हणजे एका शेअरचे तुकडे झाले, की आयएसआयएन (शेअरचा ओळख क्रमांक) पण बदलतो. झोमॅटो तर २०२५ मध्ये इटर्नल झाली, सिम्बॉलसकट (एक्स्चेंजवरचं छोटं नाव), म्हणजे जुन्या सिम्बॉलवर शोधलंत तर कंपनी मधेच गायब. हे सगळं कंटाळवाणं आहे हे मान्य, पण काकांचा निम्मा वेळ यातच जातो आणि मला वाटतं तीच त्यांची खरी कमाई.

मग आमच्यातल्या एकाने आपला बॅकटेस्ट (पद्धत जुन्या भावांवर चालवून बघणं) दाखवला, आजच्या निफ्टी निर्देशांकातले पन्नास शेअर २००८ पासून, रिटर्न बघून त्यालाच गुदगुल्या होत होत्या. काका म्हणाले, "अरे, यात युनिटेक कुठेय? सुझलॉन? रिलायन्स कम्युनिकेशन्स? तेव्हा निफ्टीत होत्या ने या?" तो गप्प. आजची यादी म्हणजे जे टिकले त्यांची यादी, आणि २००८ ला कोण टिकणार हे तुम्हाला कुठे ठाऊक होतं? त्या त्या वर्षीची यादी लागते, त्यात बुडालेले, डिलिस्ट झालेले (एक्स्चेंजवरून काढलेले) सगळे हवेत. बडोद्यातच याचं उदाहरण आहे, या शहराचं स्वतःचं स्टॉक एक्स्चेंज होतं, २०१५ मध्ये सेबीच्या (शेअर बाजाराची नियामक संस्था) एक्झिट ऑर्डरनंतर ते गेलं. अशा बंद पडलेल्या प्रादेशिक एक्स्चेंजांवर फक्त तिथेच लिस्ट असलेल्या कंपन्या डिसेमिनेशन बोर्ड नावाच्या नुसत्या यादीवर गेल्या, म्हणजे शेअर तुमच्या नावावर आहे पण विकायला बाजारच नाही. मृतांची नोंद नसलेला डेटा काका उघडतसुद्धा नाहीत.

लोअर सर्किटचं (एका दिवसात भाव जिथवर पडू शकतो ती मर्यादा) पण तसंच. बॅकटेस्ट म्हणतो अमुक भावाला विकला, पण त्या दिवशी शेअर सर्किटला लॉक होता, घेणाराच नव्हता, मग विकला कुणाला? स्मॉलकॅपवाल्यांनी हे नक्की तपासा. आणि आजच्या क्लोजवरून सिग्नल काढायचा नि आजच्याच क्लोजला खरेदी दाखवायची हे करू नका, खरेदी उद्याच्या ओपनला धरा, निम्म्या स्ट्रॅटेजी तिथेच आडव्या होतात.

खर्च तर धरायचाच. डिलिव्हरीवर (शेअर खात्यात घेऊन ठेवला तर) एसटीटी हा व्यवहारावरचा कर घेताना ०.१ टक्का आणि विकताना ०.१ टक्का, म्हणजे दर महिन्याला अख्खा पोर्टफोलिओ फिरवलात तर वर्षाला २.४ टक्के नुसते एसटीटीत, त्यावर स्टँप ड्यूटी, डीपी चार्जेस (डीमॅट खात्याचे), आणि वर्षाच्या आत नफ्यात विकलं तर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के टॅक्स. म्हणूनच काका महिन्याला नाही, तीन महिन्यांनी शेअर बदलतात. मला मात्र तीन महिने जरा जास्तच वाटतात, ट्रेंड तुटला तरी वाट बघत बसायचं हे आपल्याला जमणारं नाही, पण वाद घालायचा तर आकडे घेऊन घाला, नाहीतर ते ऐकत नाहीत.

ऑप्शनचं विचारू नका. विचारलंत तर सेबीचा सप्टेंबर २०२४ चा रिपोर्ट हातात देतात, एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन) करणाऱ्या साध्या ट्रेडरांपैकी ९३ टक्के तीन वर्षांत तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर, आणि विषय संपतो.

रविवारी संध्याकाळच्या मुंबईकडच्या गाड्या भरलेल्या असतात, तिकीट जातानाच काढा. फी वगैरे ते घेत नाहीत, काकूंना काहीतरी गोड न्या. पेनड्राइव्ह विसरू नका आणि निघताना बदललेल्या सिम्बॉलची त्यांनी हाताने बनवलेली एक्सेल शीट मागून घ्या, स्वतःहून देत नाहीत, मागितली की लगेच देतात.