व्हिडिओ समजतो, गणित का सुटत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न असा: नोकरी किंवा कॉलेज सांभाळून मेकॅनिक्सचा, म्हणजे बल आणि गतीच्या फिजिक्सचा, ऑनलाइन कोर्स पुरा होतो का, आणि व्हिडिओ समजत असूनही गणितापाशी पेन का अडतं? ठाणे-नवी मुंबईत हे विचारणारे बहुतेक दोन प्रकारचे. एक, पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये केटी लागलेली (नापास झाल्याने पेपर पुन्हा द्यावा लागणारी) मुलं. दुसरे, महापे-ऐरोलीच्या ऑफिसांतली मंडळी, ज्यांचं फिजिक्स मनासारखं शिकायचं राहून गेलंय.

कोर्स पुरा होतो, पण आधी तास मोजा. अमेरिकेतल्या एमआयटीचा ८.०१ हा मेकॅनिक्सचा कोर्स त्यांच्या ओपनकोर्सवेअर या साइटवर फुकट आहे. एमआयटीत तो १२ युनिटांचा, म्हणजे सत्रभरात साधारण १६८ तासांचा. आठवड्याला साडेसहा तास दिलेत तर सहा महिने लागतील. त्यातला एक तृतीयांशापेक्षा जास्त वेळ व्हिडिओवर जाऊ देऊ नका. तारीख डोक्यावर असल्याशिवाय अभ्यास होत नसेल, तर आयआयटींच्या एनपीटेलवरचा ऑनलाइन कोर्स घ्या: दर आठवड्याला असाइनमेंट, त्याचे २५ टक्के, आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५ टक्के. केटीवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं. बीमच्या आधारांवरच्या रिअॅक्शनची गणितं ८.०१मध्ये तुमच्या पेपराइतकी येत नाहीत, ती वेगळी करावीच लागतात.

गणिताची तयारी पाच मिनिटांत तपासता येते. वर फेकलेल्या चेंडूची उंची मीटरमध्ये ‘५ गुणिले वेळ, वजा ४.९ गुणिले वेळेचा वर्ग’ अशी आहे. पाठ केलेलं सूत्र न वापरता, डेरिव्हेटिव्ह घेऊन, तो कधी सर्वांत वर असेल ते काढा. ०.५१ सेकंद आलं तर कोर्स सुरू करा. नाही आलं तर दोन आठवडे कॅल्क्युलस आणि व्हेक्टर, मग पुढे.

आता पेन का अडतं ते. बहुतेक वेळा फ्री बॉडी डायग्राम (एकट्या वस्तूवरची सगळी बलं बाणांनी दाखवणारं चित्र) न काढता सूत्राला हात घातलेला असतो. एक उदाहरण कागदावर करून पाहाच. २ किलोचा खोका ३० अंशांच्या उतारावर ठेवलाय, स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.७. घर्षण किती? दहातले बरेच जण गुणांक गुणिले नॉर्मल (पृष्ठभागाने काटकोनात लावलेलं बल) करून मोकळे होतात. नॉर्मल १७ न्यूटन, म्हणून घर्षण ११.९. पण खोक्याला खाली ओढणारं बल आहे फक्त ९.८ न्यूटन. म्हणजे या उत्तराप्रमाणे खोका आपणहून सुमारे १ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने उतार चढायला लागेल! ११.९ ही कमाल मर्यादा आहे. घर्षण लागेल तेवढंच लागतं, इथे ९.८. मर्यादेचं सूत्र वस्तू सरकण्याच्या अगदी बेतात असेल तेव्हाच. दुसरी नेहमीची चूक म्हणजे नॉर्मलला डोळे झाकून पूर्ण वजनाइतका धरणं. इथे वजन १९.६ न्यूटन आहे, नॉर्मल नाही.

तिसरी चूक, नसलेलं बल डायग्राममध्ये काढणं, सगळ्यांत चिवट आहे, आणि ती ठाणे-वाशी लोकलमध्ये उत्तम दिसते. गर्दी नसताना, दाराकडे नव्हे तर आत, ५० सेंमी दोऱ्याला किल्ली बांधून वरच्या दांडीला लटकवा. गाडी सुटली की किल्ली मागे जाते. ती झोके घेईल (एक झोका साधारण १.४ सेकंदांचा), म्हणून झोक्याचा मध्य पाहा. तो उभ्या रेषेपासून २.५ सेंमी मागे असेल, तर कोनाचा टॅन ०.०५, आणि त्याला ९.८ने गुणलं की गाडीचं त्वरण सुमारे ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग.

आता फलाटावर उभं असलेल्या माणसाच्या नजरेतून किल्लीचा डायग्राम काढा. बाण दोनच: खाली वजन, दोऱ्याच्या दिशेने ताण. मागे ढकलणारा बाण काढलात की तिथेच गणित फसलं, कारण किल्लीला मागे ढकलणारं काहीच नाही. ताणाचा पुढचा घटक तिला गाडीबरोबर पुढे नेतोय. वस्तुमान गुणिले त्वरण हे वेगळं बल नसतं, सगळ्या बलांची बेरीज तेवढी येते. समीकरणाच्या दुसऱ्या बाजूची ही गोष्ट बाण म्हणून डायग्राममध्ये शिरली की पुढचं सगळं चुकतं. प्रत्येक बाणाला विचारा: हे बल कोण लावतंय? उत्तरात वस्तूचं नाव येत नसेल तर बाण खोडा.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी शब्दांची एक वही ठेवावी. चाल आणि वेग हा फरक आपल्या पुस्तकांनी पक्का करून घेतलेला असतो, त्याचा फायदा होतो. घोटाळा होतो तो मोमेंटम आणि मोमेंट यांत: पहिला संवेग, दुसरा आघूर्ण, आणि मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणजे जडत्व आघूर्ण.

ऊर्जा आणि संवेग त्या मानाने लवकर हाताशी येतात. माणसं कोर्स सोडतात ती फिरत्या वस्तूंपाशी, म्हणून त्या भागाला ठरवलेल्यापेक्षा दीड पट वेळ द्या. आधी हाताने बघा: १ मीटर फळी ५ अंश कलती करून कॅरमचा स्ट्रायकर आणि बांगडी कडेवर उभी धरून एकदम सोडा. हिशोबाने स्ट्रायकर १.८७ सेकंदांत पोचतो, बांगडी २.१६ सेकंदांत. जड बांगडी घ्या, मोठी घ्या, न घसरता गडगडली तर वेळ तोच. वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही समीकरणातून कशी गळतात, ते कागदावर स्वतः काढून झाल्याशिवाय पुढचा व्हिडिओ लावू नका.