आईसोबत पाहिलेली क्लिओपात्रा
आज दुपारी आईबरोबर संगीतकार हँडेलचा 'जुलिओ चेझारे' (म्हणजे ज्युलियस सीझर) पाहिला. इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्न ऑपेरा महोत्सवाचा २००५ चा प्रयोग, डेव्हिड मॅकव्हिकर यांचं दिग्दर्शन. साडेतीन तासांहून मोठा ऑपेरा, इटालियन भाषा. आई मेथी निवडता निवडता पाहत होती.

"अगं, सीझर बाई आहे?" हो, गायिका सारा कॉनली. १७२४ साली लंडनमध्ये पहिल्यांदा हे काम सेनेसिनो या कास्त्रातो गायकाने, म्हणजे आवाज उंच राहावा म्हणून लहानपणीच खच्ची केलेल्या पुरुष गायकाने, केलं होतं. आई म्हणाली, "मग काय झालं, आपल्याकडे बालगंधर्व नायिका व्हायचेच की!" तिला पुढे काही समजवावंच लागलं नाही.

डॅनिएल डी नीसची क्लिओपात्रा नाचते, लाडीगोडी लावते. तिला सीझरही हवा आणि इजिप्तची गादीही. पण तिसऱ्या अंकात सख्ख्या भावाच्या कैदेत ती 'पियांजेरो' ('मी रडेन') हे गाणं गाते, तिथे मी हललेच. सीझर मेला असं तिला वाटतंय. संथ, जड सूर. मग एकदम लय चढते: मेल्यावर भूत होऊन त्या जुलमी भावाला छळीन! आणि परत तीच पहिली ओळ. शब्द तेच, पण आता जागा नव्या, हरकती नव्या. नाट्यपदात गायक तानेवरून मुखड्यावर येतो ना, अगदी तसं.

मेथीची जुडी तशीच राहिली. आईचा हात देठावर थांबलेला, आणि डोळे भरलेले. "परत लाव," म्हणाली. तीनदा ऐकलं.