हाक न ऐकणारा शेरू

शेरू नावाच्या १२ वर्षांच्या काळ्याभोर लॅब्राडॉरची फोटोशूटसाठीची तयारी त्याच्या मालकीणबाईंनी जितक्या निष्ठेने केली होती, तितकी निष्ठा पाळीव प्राण्यांची छायाचित्रे काढण्याच्या माझ्या व्यवसायात मला क्वचितच दिसली आहे. त्याला आंघोळ दोन दिवस आधी घातली होती, कारण शांपूने गेलेले नैसर्गिक तेल केसांत परत यायला तेवढा वेळ लागतो आणि काळ्या अंगाला झळाळी त्या तेलानेच येते. गळपट्टा आदल्या रात्रीच काढल्यामुळे मानेवरचे केस दबलेले नव्हते. नखे कापलेली होती, डोळ्यांच्या कडा ओल्या कापसाने पुसलेल्या होत्या, आणि खाऊची ओढ राहावी म्हणून सकाळचे जेवण निम्मेच दिले होते. सुगंधी फवारा मात्र त्यांनी माझ्या सांगण्यावरून टाळला. ज्याचे सारे जग नाकाने उलगडते, त्याच्या अंगावर परका वास फवारणे मला मुळीच पटत नाही.

याशिवाय कॅमेऱ्याची ओळख करून देण्याचे काम मी नेहमीच घरी सोपवते. कुत्र्यांच्या जगात रोखून पाहणे ही धमकी असते, आणि लेन्सचे मोठे काळे भिंग पुष्कळ कुत्र्यांना तसेच भासते. म्हणून कॅमेरा आधी जमिनीवर ठेवून त्याला हुंगू द्यायचा, मग दुरून शटर दाबायचे आणि प्रत्येक ‘क्लिक’नंतर लगेच खाऊ द्यायचा, म्हणजे तो आवाज त्याला सुखाची वर्दी वाटू लागतो. बाईंनी हेही नेमाने केले होते. फोनवर त्या एवढेच म्हणाल्या होत्या, की शेरू कॅमेऱ्याला घाबरत नाही, पण क्लिक झाल्यावर वळूनही पाहत नाही.

स्टुडिओत शेरू निवांत आला आणि पार्श्वपटावर जाऊन बसला. जांभया देणे, ओठ चाटणे, नजर चुकवून डोळ्यांचे पांढरे दाखवणे, ही तणावाची कोणतीही खूण त्याच्यात नव्हती. मी पिपाणीचे खेळणे वाजवले, शटर दाबले. तो समोरच्या खिडकीकडे पाहत राहिला. बाईंनी मागून हाक मारली, तरी तेच. त्या ओशाळून म्हणाल्या, “आताशा फार हट्टी झालाय हो. ऐकून न ऐकल्यासारखं करतो. मग मी ओरडते, आणि नंतर माझंच मन मला खातं.”

हट्टी कुत्रा हाकेला येत नाही, पण त्याचा कान तरी हलतो. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंतचे; त्यामुळे फ्लॅश पुन्हा भरताना होणारी बारीक शीळसुद्धा अनेक कुत्र्यांना अस्वस्थ करते. शेरूच्या कानांची पाळीदेखील हलली नव्हती. मी त्याच्या मागे, सावली दिसणार नाही इतक्या अंतरावर उभी राहून किल्ल्यांचा जुडगा वाजवला. काहीच नाही. मग लाकडी फरशीवर टाच आपटली, आणि कंप पायांना जाणवताच तो लगेच वळला.

मी कॅमेरा बाजूला ठेवला. मी पशुवैद्य नाही, आणि मळ किंवा संसर्गानेही कान बंद होतात व ते बरे होऊ शकतात, हे बाईंना सांगून आधी तपासणी करून घ्यायला सुचवले. कान स्वच्छ निघाले. पुढे आवाजाला मेंदूकडून येणारा विद्युत प्रतिसाद मोजणारी चाचणी झाली, आणि वयोमानाने शेरूची श्रवणशक्ती जवळजवळ गेल्याचे स्पष्ट झाले. घरच्यांच्या हे लक्षात आले नाही, यात नवल नाही. अशी श्रवणशक्ती हळूहळू जाते, आणि कुत्रा आपल्या हालचाली पाहून, सवयींवरून अंदाज बांधून बराच काळ निभावून नेतो. ओरडण्याची आठवण काढून बाई फोनवर रडल्या; त्यांना काय उत्तर द्यावे, हे मला सुचले नाही.

त्यानंतरची तयारी आम्ही पूर्ण हातांच्या खुणांवर उभी केली. ‘बस’ची खूण त्याला लहानपणापासून येत होती. क्लिकच्या जागी वर केलेला अंगठा आला आणि अंगठ्यामागोमाग खाऊ. नजर वर आणण्यासाठी बंद मूठ चेहऱ्याच्या उंचीवर धरून उघडायची, हे त्याने आनंदाने उचलले. उतारवयात कुत्र्याच्या नेत्रभिंगावर निळसर धूसरपणा येतो आणि जवळचे थोडे अस्पष्ट होते. म्हणून हात उठून दिसावा यासाठी मी गडद सदरा घातला. तो दचकू नये म्हणून त्याच्या पाठीमागे कोणीही उभे राहायचे नाही आणि झोपेत असताना हात लावायचा नाही, हे स्टुडिओतल्या सगळ्यांना बजावले.

छायाचित्रांचे काम त्या मानाने सोपे होते. काळ्या कुत्र्यासमोर कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो आणि काळ्याचा करडा करून टाकतो, त्यामुळे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश, सुमारे एक स्टॉप (निम्म्याने) कमी ठेवले. खिडकीचा प्रकाश बाजूने घेतल्यामुळे केसांचा पोत उठला, शिवाय डोळ्यांतली निळसर झाक समोरच्या प्रकाशात दिसली असती तशी डोळ्यांत भरली नाही. लेन्सशेजारी मूठ उघडली, की शेरू मान वर करून, कान पुढे आणून थेट पाहायचा.

वयस्क कुत्र्यांच्या पूर्वतयारीच्या प्रश्नावलीत मी आता एक प्रश्न घालते: पाठमोरा असताना हाक मारली, तर त्याचे कान हलतात का? उत्तर ‘नाही’ असेल, तर फोटोशूटची तारीख पशुवैद्यांच्या भेटीनंतरच ठरते.