तीन वाटे

बकरी ईदला लोक आधी विचारतात, बकरा केवढ्याला पडला? अरे, पण ही इब्राहिम पैगंबरांच्या कुर्बानीची आठवण आहे, जिलहज या इस्लामी महिन्याच्या 10 तारखेची, हज चालू असते तेव्हाची. बकरा वर्षाचा पाहिजे, लंगडा-आंधळा चालत नाही, म्हणून मुंबईतल्या देवनारच्या बकरा बाजारात अब्बा प्रत्येकाचं तोंड उघडून दात बघत बसतात आणि मी उन्हात कंटाळून चहा शोधतो.

घरी आल्यावर खरं काम अम्मीचं, मटणाचे तीन वाटे, एक घरचा, एक नातेवाईक-शेजाऱ्यांचा, एक गरिबांचा. गरिबांच्या पिशवीत नुसती हाडं गेली तर अम्मी ती परत उघडायला लावते. कलेजी मात्र त्याआधीच तव्यावर गेलेली असते, ते सोडा.